मदत हवी: टायट्रेशनचं रीडिंग दुप्पट येतंय, मोल कन्सेप्टच कळत नाहीये (अर्जंट)

तापीकाठ:
एफवायबीएस्सी, धुळे. टायट्रेशनचं रीडिंग दुप्पट येऊन राहिलं. तीनदा केलं, २०.१, २०, २०. यायला पाहिजे १०. एम१व्ही१ बरोबर एम२व्ही२ (तीव्रता गुणिले मिली, दोन्हीकडे सारखं) मध्येच टाकलंय सगळं. दहावीपर्यंत मराठी मीडियम, बारावीला मोल कन्सेप्ट पाठ करून निघालो आणि आता इथे सगळं त्याच्यावरच चालतं. मित्र म्हणतो जर्नलमध्ये १० लिहून टाक, पण मला तसं नाही करायचं, समजून घ्यायचंय. उद्या सबमिशन आहे, लवकर सांगा प्लीज.

भुसावळी:
कशाचं टायट्रेशन भाऊ? ब्युरेटमध्ये काय, फ्लास्कमध्ये काय?

तापीकाठ:
नेहमीचंच. ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोडा, खाली फ्लास्कमध्ये १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड, ते संपेपर्यंत किती मिली कॉस्टिक लागतो ते मोजायचं. दोन्ही ०.१.

जुना लॅबवाला:
कॉस्टिक जुना असणार. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो तो, स्ट्रेंथ उतरते. पावसाळ्यात आमच्याकडे वजन करता करता वॉचग्लासवरच पाणी सुटायचं त्याला. ताजं द्रावण कर आधी.

भुसावळी:
काका, उतरते मान्य, पण एकदम निम्मी? मला वजनात गडबड वाटते. ऑक्झॅलिकच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, तर एका मोलचं वजन १२६ ग्रॅम धरायचं, पोरं पाणी सोडून ९० धरतात.

रसायनवाली ताई:
९० धरलं असतं तर ॲसिड पातळ झालं असतं आणि रीडिंग २० नाही, १४ च्या जवळ आलं असतं. तापीकाठ, एकच सांग, बाटलीवर ०.१ एन (नॉर्मल) आहे की ०.१ एम (मोलर, म्हणजे लिटरमध्ये ०.१ मोल)?

नंदुरबार एक्स्प्रेस:
बीएस्सीत कशाला अडकला, डी फार्मसी कर. माझ्या चुलतभावाने शहाद्याला मेडिकल टाकलं, मस्त चालतंय.

तापीकाठ:
दादा मला केमिस्ट्रीच करायचीय. ताई, ०.१ एम. त्याने काय फरक पडतो?

रसायनवाली ताई:
सगळा फरक त्यातच आहे बाळा. ऑक्झॅलिकच्या एका रेणूत ॲसिडचे दोन हायड्रोजन, कॉस्टिकचा एक रेणू एकालाच पुरतो. मोल म्हणजे रेणूंची एक ठरलेली संख्या, म्हणजे एका मोलला दोन मोल कॉस्टिक लागणार. तुझ्या १० मिलीत १ मिलीमोल (मोलचा हजारावा भाग) ॲसिड आहे, त्याला २ मिलीमोल कॉस्टिक, म्हणजे २० मिली. रीडिंग बरोबर आहे, सूत्र चुकीच्या जागी लावलंस. ते एकास एक असेल तिथेच सरळ चालतं. आधी बॅलन्स केलेलं समीकरण लिही, मग आकडे टाक.

जुना लॅबवाला:
म्हणून आम्ही नॉर्मॅलिटीच (बाटलीवरचं एन) वापरायचो, त्यात दोन हायड्रोजन आधीच धरलेले, १२६ चं निम्मं ६३, हिशोब सरळ.

रसायनवाली ताई:
सरळ आहे, पण मग दोन कुठून आले ते पोरांना कधी कळतच नाही. मी वर्गात नॉर्मॅलिटी शेवटी घेते.

केळीबाग रावेर:
मोल मला युरियाच्या गोणीवरून कळला. युरियाचा एक मोल ६० ग्रॅम, त्यात नायट्रोजनचे दोन अणू म्हणजे २८ ग्रॅम. २८ भागिले ६० कर, ४६ टक्के आणि वर थोडं. गोणीवर तेच ४६ छापलेलं असतं. ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन पावणेएकवीस किलोच्या आसपास, बाकी कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन. घरी गोणी असेल तर वाचून बघ भो.

भुसावळी:
केळीला युरिया ड्रिपमधून देता का हो? आमच्याकडे पानं कडेने जळाली.

तापीकाठ:
ताई खरंच कळलं, मिलीमोल मोजले आणि उत्तर आलं. गोणीचंपण करून पाहिलं. पुढच्या आठवड्यात ऑक्झॅलिक आणि परमँगनेट आहे, तिथेपण एकास दोनच ना?

रसायनवाली ताई:
नाही, तिथे हायड्रोजन मोजायचे नाहीत, इलेक्ट्रॉन मोजायचे. परमँगनेटचे दोन मोल, ऑक्झॅलिकचे पाच. आणि फ्लास्क ६० ते ७० डिग्रीला गरम करून घे, थंड द्रावणात सुरुवातीचा गुलाबी रंग जाता जात नाही.