प्रतिसाद: तांब्याच्या पट्टीचे जोड
सगळ्यांनी आपापली छोटी मॉडेलं करून एकत्र मांडायची, तर आधी एकच स्केल (मूळ वस्तूच्या किती पट लहान, ते प्रमाण) ठरवावं, हे वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय ते पटलं. पण 'स्पर्शाने दिवा लागायला मॉडेलमध्ये तांब्याची चिकटपट्टी लावली की झालं' हे त्याच पोस्टमधलं तितकं सोपं नाही. साध्या पट्टीच्या मागच्या गोंदातून वीज नीट जात नाही. एकीवर दुसरी चिकटवली की वरून जोड अखंड दिसतो, आत सर्किट तुटलेलं! आमची निम्मी मॉडेलं घरी छान चालली आणि एकत्र मांडल्यावर मुकी झाली. नेता-आणताना जोड सैल पडले होते. कोपऱ्यावर पट्टी कापू नका, दुमडून वळवा. जोड टळत नसेल तिथे सोल्डरचा (वितळवून जोडायच्या धातूचा) थेंब. आणि मॉडेलचा तळ उघडता येईल असा ठेवा. आम्ही हौसेने चिकटवला होता, मग कटरने स्वतःचंच काम फाडत बसलो.