टीव्हीवरचे इंग्लिश जादूगार : तुमच्या आठवणी सांगा

मोगरी :
लॉफ्ट आवरताना लेकीला पॉल डॅनियल्सचा फोटो छापलेला जादूचा खोका सापडला. "आई, हे काका कोण?" झालं, काम राहिलं बाजूला!
बीबीसी वन, शनिवार संध्याकाळ. १९७९ ते १९९४ चालला त्याचा शो. तो "आवडेल तुम्हाला, फार नाही, पण आवडेल" म्हणाला की सासूबाई सगळ्यांच्या आधी हसायच्या, इंग्रजीचा गंध नसताना. १९८७च्या हॅलोविनला मात्र कहर. लाइव्ह कार्यक्रम, खिळ्यांच्या पेटीत त्याला जखडलेलं, आणि सुटायच्या आधीच दार धाडकन बंद! कार्यक्रम तसाच संपवला, शेवटचं संगीतसुद्धा नाही. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. थोड्या वेळाने जाहीर केलं की बाबा धडधाकट आहे. मग त्यांनी ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.
तुम्ही कोणाला पाहिलंत? लिहा.

खारीबिस्किट :
डॅनियल्स डोक्यात जायचा. त्याची सहाय्यक डेबी मगी लाडकी. पेटीत अंग दुमडून बसणार ती, टाळ्या घेणार हा.

कुकरची शिट्टी :
डेबीवरून आठवलं. लंडनच्या मॅजिक सर्कल या जादूगारांच्या क्लबमध्ये १९९१पर्यंत बायकांना प्रवेशच नव्हता. सोफी लॉइड पुरुषाचं सोंग घेऊन, रेमंड लॉइड बनून आत शिरली. परीक्षा पास! बायकांना दार उघडल्यावर तिने खरं सांगितलं, तर तिलाच हाकललं. का, तर फसवणूक केली. आता २०२५मध्ये मानाने परत घेतलं. तीन शिट्ट्या झाल्या, येते.

खारीबिस्किट :
जादूगारांची फसवणूक, हाहाहा

अर्धवटराव :
टॉमी कूपर. बास. प्रयोग फसायचे आणि लोक तेच बघायला यायचे. १५ एप्रिल १९८४, लाइव्ह. अंगात झगा, मागच्या पडद्याला टेकत खाली बसला. थिएटरात हशा. घरी आम्हीही हसलो. मग अचानक जाहिराती. गेला हे दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं. पुढे कुठेही त्याची ती लाल फेज टोपी दिसली की बाबा चॅनल बदलायचे.

मोगरी :
अरेरे. आम्ही त्या दिवशी पाहिलं नव्हतं, बरंच झालं.

भटक्या :
सगळे गोरेच घेताय! आपले पी. सी. सरकार कुठे गेले? एप्रिल १९५६, बीबीसीचं पॅनोरमा. गोल करवतीने मुलीला मधोमध कापलं, मग हाका मारतायत, ती उठेना. तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिंबल्बी मध्ये येऊन शुभरात्री म्हणून मोकळा. बीबीसीचे फोन जाम. माझे सासरे तेव्हा लंडनला शिकत होते, घरमालकीण त्यांनाच विचारायला लागली, तुमच्यात असं करतात का म्हणून. वेळ संपली होती म्हणे. मला विचाराल तर सरकार पठ्ठ्या घड्याळ बघूनच उभा होता. ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात खेळ लागलेले, जाहिरात फुकटात.

शेपूची भाजी :
मोगरीताई, कुठल्या गावी तुम्ही? आम्ही वेकफील्ड.

मोगरी :
हडर्सफील्ड! शेजारीच की हो. चिंच कुठून आणायचात?

शेपूची भाजी :
ब्रॅडफर्ड, आणखी कुठून. कोथिंबीरही तिथलीच.

अर्धवटराव :
जादूगार डायनॅमोही तिथलाच. २०११ला पार्लमेंटसमोर थेम्सवर चालला. भाचा म्हणतो पाण्याखाली काच होती. एवढ्या गढूळ पाण्यात त्याला काच दिसली, धन्य आहे.

लेट लतीफ :
डेरन ब्राउन, सप्टेंबर २००९, लॉटरीचे सहाही आकडे ओळखले! घरात सगळे इंजिनियर, रात्रभर भांडण. माझं मत, अर्धा स्क्रीन गोठवलेला. तो म्हणाला, २४ जणांच्या अंदाजांची सरासरी काढली. सरासरी!! आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांना घेरी आली असती.

भटक्या :
आणि अली बोंगो? डॅनियल्सच्या शोचा सल्लागार. जन्म बंगलोरचा, १९२९.

कुकरची शिट्टी :
आले. आमटी करपली. वेकफील्डवाल्या ताई, ब्रॅडफर्डला आता ओला नारळ बरा मिळतो का? पुढच्या महिन्यात लेकीकडे चाललेय.