कृषी मेळाव्यातील भाजीपाला स्पर्धेसाठी परसातले काय न्यावे? (इंदूर)

परसदार_रामबाग

सर्वांना नमस्कार. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरामागे जेमतेम साडेतीनशे चौरस फुटांचे परस आहे आणि गच्चीवर चाळीसेक कुंड्या व काही उंच टब आहेत. गेली सहा वर्षे घरापुरती भाजी मी तिथेच काढते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शहराजवळच्या एका कृषी मेळाव्यात घरगुती भाजीपाल्याची स्पर्धा आहे. तिच्या पत्रकात टमाटर 5 नग, बैंगन 3, गाजर 5, मूली 3, फूलगोभी 1, मटर 10 फलियाँ, बालोर 10 फलियाँ, पत्तेदार सब्जी एक गड्डी आणि शेवटी ‘सबसे बड़ी लौकी’ असे वर्ग दिले आहेत.

दोन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका प्रदर्शनात भाग घेतला होता. तेव्हा वाफ्यातले सर्वांत मोठे टोमॅटो निवडून ताट सजवले. बक्षीस मात्र माझ्या टोमॅटोंच्या निम्म्या आकाराच्या ताटाला मिळाले आणि कारण विचारायला गेले तोवर परीक्षक निघून गेले होते. आत्ता दिवाळी आटोपली आहे, म्हणजे हाताशी बरोबर तीन महिने आहेत. या मुदतीत कोणत्या वर्गांत नाव द्यावे आणि कशाच्या नादी लागू नये, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. टोमॅटो आणि वांगी सप्टेंबरअखेरीस लावलेली आहेत. फुलकोबीची रोपे तयार आहेत, पण अजून वाफ्यात गेलेली नाहीत.

गच्चीवरचा_माळी

ताई, तुमच्या टोमॅटोंना बक्षीस का मिळाले नाही, याचे उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. सर्वांत मोठे पाच टोमॅटो निवडले की ते पाच दिशांचे पाच निघतात: एक चपटा, एक खांद्याशी हिरवा, एक देठाशी चिरलेला. परीक्षक टोमॅटो पाहत नाहीत, ताट पाहतात. पाचही फळे एकाच साच्यातून काढल्यासारखी, एका रंगाची, एका आकाराची आणि निष्कलंक असतील, तर मध्यम आकाराचे ताटही अवाढव्य फळांच्या ताटाला मागे टाकते. आकाराचेही गुण असतात, पण ते सारखेपणाच्या नंतर येतात.

मी स्वतः पाचांसाठी किमान पंधरा फळे काढतो. ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक तोलून वजनाच्या क्रमाने मांडतो आणि रांगेतली एकमेकांच्या सर्वांत जवळची पाच उचलतो. नजर फसते, काटा फसत नाही. फळ तोडताना ओढू नये, कात्रीने देठासह कापावे. टोमॅटो आणि वांगी या दोन्हींवरची हिरवी टोपी शाबूत आणि ताजी असली पाहिजे. वांग्याला चमक यावी म्हणून तेलाचे बोट फिरवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे करू नये, कारण मुरलेला परीक्षक फळ हातात घेताच ते ओळखतो. वांगे मात्र टोपी उचलून आणि देठाजवळ नीट न्याहाळून निवडावे. फळ पोखरणाऱ्या अळीचे टाचणीएवढे छिद्र पुष्कळदा तिथेच दडलेले असते.

आणि संख्या. पत्रकात पाच म्हटले असेल तर पाचच. सहावा ठेवला तर ताट तपासलेच जात नाही, ते सरळ बाद होते. माझे स्वतःचे मटारचे ताट असे बाद झाले आहे; दहाऐवजी अकरा शेंगा ठेवल्या होत्या आणि ती अकरावी शेंग मला अजून आठवते.

आपल्याकडे जानेवारीत रात्री गारठा वाढला की टोमॅटो झाडावर रंग धरत नाहीत. म्हणून फळावर गुलाबी झाक येताच, स्पर्धेच्या सहा-सात दिवस आधी, तोडून घरात टोपलीत एकेरी थरात ठेवावेत. फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नयेत.

काळी_माती

टोमॅटोवर वर पुरेसे लिहिले गेले आहे, म्हणून मी फक्त गाजर आणि मुळ्याबद्दल लिहितो. कारण माळव्यातल्या माणसाला या दोन वर्गांत हमखास मार बसतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा पडून दगडासारखी होते. अशा जमिनीत सोटमुळाला सरळ खाली जाता येत नाही. ते वाट शोधत वाकते किंवा त्याला फाटे फुटतात. घरी खाण्याला दोन पायांच्या गाजराने काही बिघडत नाही, पण ताटात तशा पाचांपैकी एक जरी आले तरी संपले.

तुमच्या गच्चीवरचे उंच टब इथे खरे उपयोगाचे आहेत. हाताने दीड फूट खोली मोजावी, निम्मी वाळू आणि निम्मे चाळलेले कंपोस्ट भरावे, आणि बी थेट तिथेच टाकावे. गाजराचे रोप उपटून दुसरीकडे लावले की सोटमूळ दुखावते आणि गाजर वाकडे होते. परसातच पेरायचे असेल तर पहारीने फूट-दीड फूट खोल, वर रुंद आणि खाली निमुळते भोक पाडून त्यात हेच मिश्रण भरावे आणि प्रत्येक भोकावर तीन-चार बिया टाकून शेवटी एकच रोप ठेवावे. ताजे शेण किंवा अर्धवट कुजलेला पालापाचोळा मात्र जवळ फिरकू देऊ नये, कारण फाटे फुटण्याचे दुसरे मोठे कारण तेच असते.

कंपोस्टचा विषय निघालाच आहे, तर एवढे सांगतो की ज्या खतपद्धतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती आपल्याच गावची आहे. 1924 पासून 1931 पर्यंत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथील वनस्पतीउद्योग संस्थेत ती बसवली आणि तिच्यावरच्या पुस्तकात त्यांच्यासोबत यशवंत वाड यांचेही नाव आहे. आजचे कृषी महाविद्यालय त्याच आवारात आहे. वनस्पतींचा कचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर, तीन वेळा वरखाली करणे आणि सुमारे तीन महिन्यांची मुदत, हा तिचा गाभा. त्यामुळे आज ढीग रचला तर ते खत फेब्रुवारीच्या स्पर्धेला उपयोगी पडणार नाही. या वर्षी तयार, काळेभोर, मातीचा वास येणारे कंपोस्टच घ्या.

तारखांचा हिशेब उलटा मांडावा. गाजराला नव्वद ते शंभर दिवस लागतात, म्हणजे पेरणी याच आठवड्यात. मुळ्याला थंडीत पन्नास-पंचावन्न दिवस पुरतात, म्हणून तो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरावा. आत्ता पेरलात तर स्पर्धेपर्यंत आतून भेंडासारखा पोकळ होईल आणि परीक्षकांनी कापून पाहिला तर लाज जाईल. कापून पाहण्याचा त्यांना अधिकार असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

सुदामानगरचे_काका

गच्चीवरच्या माळ्याशी एका बाबतीत माझे जमत नाही. टोमॅटो सात दिवस आधी तोडला की फळ छान पिकते हे खरे, पण तोवर त्याची हिरवी टोपी सुकून वाकडी होते आणि मग ‘ताजेपणा’च्या रकान्यात गुण जातात. मी रात्री झाडांवर जुनी सुती साडी पांघरतो आणि सकाळी ऊन आले की काढतो. फळे झाडावरच पिकतात, थोडी उशिरा पिकतात एवढेच. ज्यांना रोज साडी घालणे-काढणे जमणार नाही त्यांनी दोन दिवस आधी तोडावे आणि रंगात जराशी तडजोड करावी.

पत्रकातल्या नावांबद्दलही एक सूचना. ‘बालोर’ म्हणजे आपली वालपापडी. मागे एका ओळखीच्या बाईंनी त्या वर्गात चवळीच्या शेंगा मांडल्या होत्या. चवळीच्या शेंगांना इकडे ‘बरबटी’ म्हणतात. ‘गिलकी’ म्हणजे घोसाळे, हेही पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा. शंका असेल तर अर्ज भरतानाच आयोजकांना विचारावे, मांडणीच्या सकाळी कोणाला वेळ नसतो.

पालेभाजीत मेथी न्या, पालक नको. पालकाची पाने मोठी, त्यांवर एखादा तरी डाग किंवा छिद्र सापडतेच. मेथी साधारण नाताळच्या सुमारास पेरा, आदल्या संध्याकाळी मुळांसकट उपटा, मुळे धुऊन रात्रभर पाण्यात उभी ठेवा आणि सकाळी तशीच ओल्या फडक्यात गुंडाळून न्या.

परसदार_रामबाग

तिघांचेही मनापासून आभार. गाजराचे बी आजच टबात टाकते. आता फुलकोबी आणि ती मोठी लौकी, या दोन्हींबद्दल कोणी सांगेल का? शेजारी म्हणतात की लौकीचे बक्षीस सर्वांत सोपे, कारण तिथे फक्त लांबी मोजतात.

काळी_माती

लौकी म्हणजे दुधी भोपळा उन्हाच्या मोसमातले पीक आहे. आत्ता बी लावून फेब्रुवारीत मोठे फळ मिळणे कठीण. ज्यांचा वेल पावसाळ्यातच मांडवावर चढला आहे आणि ज्यांनी एकच फळ राखून बाकीची खुडली आहेत, तो वर्ग त्यांचा. तो सोडून द्या.

फुलकोबीची रोपे मात्र उद्या-परवा लावाच. गड्डा हातात मावेल एवढा झाला की त्याच्यावर बाहेरची पाने ओढून सुतळीने सैल बांधावीत, नाहीतर उन्हाने तो पिवळा पडतो. रोज संध्याकाळी उघडून पाहावे. गड्डा भरायला लागला की दोन-तीन दिवसांत घट्टपणा जाऊन कणाकणांनी फुटू लागतो आणि मग उपाय नाही. एकाच वेळी सहा-आठ रोपे लावली तर एखादे तरी नेमक्या दिवशी तयार सापडते. पाणी एका दिवशी भरपूर आणि चार दिवस काहीच नाही, असे करू नये. टोमॅटो चिरतात तेही याच कारणाने.

गच्चीवरचा_माळी

एक राहिले. मटारच्या शेंगा, कोबी, काकडी अशा भाज्यांवर जी पांढुरकी मऊ झाक असते ती पुसू नये. ती शाबूत दिसली की भाजी हाताळलेली नाही, हे परीक्षकांना कळते. शेंगा देठाला धरूनच तोडा, देठाला धरूनच मांडा.

आणि स्कूटरवरून नेणार असाल तर प्रत्येक ताटासाठी दोन नग जादा घ्या. मागच्या खेपेला माझी तीन वांगी घरून निघाली आणि खड्ड्यातून वाट काढत दोनच धडधाकट पोहोचली.

परसदार_रामबाग

ठरले तर. टोमॅटो, गाजर, मुळा, फुलकोबी आणि मेथी, एवढ्या पाच वर्गांत नाव देते. मटारची पेरणी करते, पण नाव शेंगा पाहूनच ठरवीन. वांग्यांवर कालच अळीची छिद्रे दिसली, तेव्हा ती घरच्या भरल्या वांग्यांना. टोमॅटोच्या दोन झाडांवर साडी पांघरते आणि दोन झाडांची फळे आधी तोडते, म्हणजे काका आणि माळीदादा यांपैकी कोणाचे खरे ते फेब्रुवारीत इथेच लिहिता येईल.