अंगणातली, शेतातली, हातानं केलेली खेळणी : तुमचे अनुभव सांगा

जळगाव, दोन लेकरांची आई

गेल्या जूनमध्ये पुण्याचं चौथ्या मजल्यावरचं घर सोडून आम्ही इकडे सासूबाईंकडे राहायला आलो. लेक आता चार वर्षांची होईल, धाकटा चौदा महिन्यांचा आहे. सामानात खेळण्यांची दोन पोती होती. त्यातलं एक अजून माळ्यावर तसंच बांधलेलं आहे, कारण पोरीला अंगण सापडलं. सकाळी उठली की सासूबाईंचा जुना डाव आणि एक जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, वाटी घेऊन नळाखालच्या ओल्यात बसते. माती वाटीत, वाटीतून पायरीवर, पायरीवरून परत वाटीत. तासभर हाक ऐकू येत नाही.

मला बघून फार बरं वाटतं आणि भीतीही वाटते, कारण मी स्वतः फ्लॅटमध्ये वाढले. कुठली बी हातात दिलेली चालते, कुठली नाही, हे मला कळत नाही. विकत काय घ्यावं, घरी काय करावं, आणि एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४४-४५ वर जातो तेव्हा मुलांना बाहेर काय खेळायला द्यावं? वाचलेलं नको, तुमच्या घरात घडलेलं सांगा.


फैजपूर, केळी बागायतदार

ताई, आमच्याकडे केळी, म्हणून केळीचंच सांगतो. हिरव्या पानाचा मधला दांडा घ्यायचा, हातभर लांब. दोन्ही बाजूंचं पान सोलून टाकायचं. दांड्याच्या पाठीवर विळ्यानं चार-पाच तिरके काप द्यायचे, पण एकही काप तुटून पडता कामा नये, बुडाशी चिकटलेला राहिला पाहिजे. मग सगळे काप उभे करायचे आणि तळहात एका झटक्यात वरून फिरवायचा. फट्‌फट्‌फट्‌ असे सगळे ओळीनं मिटतात. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. काप मी देतो, हात तो फिरवतो. संध्याकाळपर्यंत दांडा लुळा पडतो, तो म्हशीपुढे जातो, दुसऱ्या दिवशी नवा.

घड उतरल्यावर खोड आडवं करतो, त्याच्या सोपटाची, म्हणजे सुटणाऱ्या जाड थराची, होडी. सोपट आडवं कापून बघा, आत हवेचे बारीक बारीक कप्पे दिसतील. म्हणूनच ते बुडत नाही. काडी खोचा, पानाचं शीड लावा आणि हौदात सोडा. हौदापाशी मोठं माणूस बसलेलंच हवं, एक मिनिटही उठायचं नाही. आणि कपडे जुने घाला. केळीचा चीक कापडावर पडला की डाग जन्मभराचा.


अमळनेर, आजी, निवृत्त शिक्षिका

धाकट्यासाठी सांगते. माझा नातू दहा महिन्यांचा असताना घरात चाकांचा गोल वॉकर आला. तिसऱ्या दिवशी पोर वॉकरसकट ओट्यावरून खाली. कपाळाला चार टाके पडले. टाके घालताना डॉक्टरांनी सांगितलं की त्यात बसून मूल चालायला शिकत नाही, उलट उशीर होतो. कॅनडात असे वॉकर विकायलाच २००४ पासून बंदी आहे. आपल्याकडे मात्र ते बारशाच्या आहेरात येतात.

मग मी सुताराकडून पांगुळगाडा करून घेतला. तीन लाकडी चाकं, उभा दांडा, रंग नाही, वार्निश नाही, नुसतं पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत. पहिल्या दिवशी मात्र पंचाईत झाली. चाकं इतकी मोकळी फिरायची की नातू धरून उभा राहायला गेला की गाडा पुढे पळे आणि तो नाकावर. सुतारानं चाकं आसावर घट्ट बसवली, मी पुढच्या फळीवर सुतळीनं एक वीट बांधली. वजन आल्यावर गाडा त्याच्या पावलानं चालायला लागला. महिन्याभरानं वीट सोडली. पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायावर उभं असतं, थकलं की हात सोडून खाली बसतं. फरक इथेच आहे. तोही गच्चीवर किंवा ओट्यावर द्यायचा नाही, सपाट अंगणातच.

वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिथे मातीच्या चाकांची, ओढली की टमटम वाजणारी गाडी अजून मिळाली तर जरूर घ्या. दोन दिवसांत फुटते. नातवाला मी फुटलेली उघडून दाखवली, चाक फिरलं की काडी कागदावर कशी आपटते ते. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही.


धुळे तालुका, शेतकरी

धांड्याची बैलगाडी कोणी सांगितली नाही अजून. आमच्या लहानपणी दुसरं खेळणंच नव्हतं.

ज्वारीचा वाळलेला धांडा घ्या. वरचं साल उभं काढलं की आत पांढरा गाभा. हलका, नखानं दाबला की खड्डा पडतो. गाभ्याचे तुकडे आणि सालाच्या पट्ट्या, एवढंच सामान. पट्टी गाभ्यात खुपसली की घट्ट बसते. खिळा नको, डिंक नको. जू, धुरा, साटं, चाकं, सगळं होतं. चष्मा होतो, खाट होते, पाळणा होतो.

पण एक गोष्ट नीट ऐका. साल ब्लेडसारखं कापतं. माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर सहाव्या वर्षीची खूण अजून आहे. म्हणून नातीला साल मी काढून देतो, कडेवरून दगड फिरवून धार बोथट करतो, पट्ट्या बोटाएवढ्या तोडून ताटलीत ठेवतो. गाभ्याचे तुकडे दुसऱ्या ताटलीत. ती साडेचार वर्षांची आहे. पहिल्या दिवशी तिनं नुसते पाच तुकडे एका पट्टीत ओवले आणि म्हणाली, ‘ही आगगाडी’. मी बैलगाडी शिकवायला बसलो होतो. मी गप्प बसलो.


पारोळा तालुका

पोळ्याचे बैल. आमच्या सासूबाई दरवर्षी पोरांना ओसरीत गोळा करतात, ‘आठे बठ, मी तुले बैल करी देस’ म्हणत सुरुवात होते आणि शेवटी पोरंच करतात.

पहिल्या वर्षी मी हौसेनं शेतातली काळी माती आणली, मुलांनी आठ बैल केले, उन्हात ठेवले. संध्याकाळी एकाचीही शिंगं जागेवर नव्हती, पाठीला भेगा. मोठा रडला. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते. उन्हाळ्यात शेताला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच बैलाचं होतं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी नाल्याचा गाळ चाळून आणला, त्यात पिंजलेला कापूस तोडून तोडून मळला आणि गोळा ओल्या फडक्यात रात्रभर झाकून ठेवला. कापसाचे धागे मातीला धरून ठेवतात. शिंगं वेगळी चिकटवायची नाहीत, डोक्याच्या गोळ्यातूनच चिमटीत ओढून काढायची. आणि सावलीत वाळवायचे, उन्हात नाही.

तीन वर्षांच्या पोराकडून बैल होत नाही, वळवळ्या होतात. होऊ द्या. आमच्या धाकट्यानं सगळ्या वळवळ्या पाटावर मांडल्या, त्यांनाही हळदकुंकू लागलं.


चाळीसगाव तालुका

ताईंनी बियांचं विचारलंय, म्हणून मनावर दगड ठेवून लिहितो.

आमच्या शेताच्या बांधाला चंद्रज्योत आहे. काही जण मोगली एरंड म्हणतात. दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी आणि पुतण्या तिथे भातुकली खेळत होते. फळं फोडून काळ्या बिया काढल्या, साल काढून आतला पांढरा दाणा ‘जेवणात’ वाढला आणि खाल्लाही. चव शेंगदाण्यासारखी लागते. तासाभरात दोघांना उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब, पोटात कळा. उलटी करवायला मीठपाणी पाजू नका, असं फोनवर ओळखीच्या नर्सताईंनी बजावलं. मी बिया खिशात टाकल्या आणि तसाच दवाखाना गाठला. बी दाखवल्यावर डॉक्टरांना विचार करावा लागला नाही. रात्रभर सलाईन होती. दोघं बरी झाली. त्या रात्री मुलीचा हात हातात धरून बसलो होतो, ते अजून आठवतं.

तेव्हापासून मुलांना झाड दाखवून शिकवतो. एरंड, धोत्रा, कण्हेर यांना हात लावायचा नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आणि गुंज. लाल-काळी, इतकी देखणी की प्रत्येकाला मुलीसाठी तिची माळ करावीशी वाटते. अख्खी गिळली तर कडक कवचामुळे बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा भोक पाडलं की आतलं विष मोकळं होतं. माळ करायचीच तर बाभळीच्या वाळक्या शेंगांचे पैंजण करा, पायात बांधले की खुळखुळ वाजतात. चिंचोके मोठ्या मुलांना द्या, तीन वर्षांच्या आतल्याला नाही. श्वासनळीत अडकतात.


भुसावळ, रेल्वे क्वार्टर

उन्हाळ्याचं मी सांगते. आमच्या कॉलनीत पत्र्याची घसरगुंडी होती. मे महिन्यात दुपारी चारला मुलगी बसली आणि मांड्या भाजल्या, फोड आले. दोष माझाच, मी हात लावून बघितलं नव्हतं. आता नियम आहे : आपला तळहात पाच सेकंद ठेवता आला तरच मुलानं बसायचं. काळं रबर आणि प्लास्टिकही तसंच तापतं.

बाहेर खेळायचं ते सकाळी नऊच्या आत आणि सूर्य कलल्यावर. मधल्या वेळात खाटेवर ओली चादर टाकून खाली तंबू, जुना माठ, मग, गाळणी, चाळणी. पाणी इकडून तिकडे ओतण्यात दुपार निघते. आणि गुलमोहर तर उन्हातच फुलतो. त्याची कळी उघडा, आतले लांब तुरे काढा, दोघांनी एकमेकांच्या तुऱ्यात टोक अडकवून ओढायचं. ज्याचं डोकं तुटलं तो कोंबडा हरला. माझी आई खेळायची, मी खेळले. मुलगी एका बैठकीत तीस कोंबडे लढवते.


नंदुरबार

संक्रांत तोंडावर आहे. पाच वर्षांच्या आतल्यांच्या हातात पतंग नको, दोऱ्याची फिरकी धरायला द्या, तेवढ्यातही ती खूश असतात. दोरा साधा सुती. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, तरी लपूनछपून विकतात. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी त्यानं एका बगळ्याचा पंख कापला.


धडगाव, अंगणवाडी सेविका

आमच्या पोरांना खेळणी द्यावी लागत नाहीत, ती घेऊन येतात. पावरा आदिवासी घरातली तीन-चार वर्षांची मुलं बाबांच्या हातची वीतभर टोपली किंवा बांबूचं लहानसं धनुष्य आणतात. बांबूची कूस फार वाईट, म्हणून मी प्रत्येक कड आपल्या गालावर फिरवून बघते.

पावसाळ्यात सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. मुलं त्याचे छाप भिंतीवर उठवतात. फाल्गुनात पळसाची फुलं रात्रभर पाण्यात, सकाळी केशरी रंग तयार. आईला बाजूला बसवून केलेलं खेळणं मूल जास्त दिवस सांभाळतं, हे मी अकरा वर्षं बघतेय.


जळगाव, खेळण्यांचं दुकान

विकत घेणाऱ्यांसाठी. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हासोबत परवाना क्रमांक छापलेला बघा. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळण्यावर चिन्ह नाही म्हणून लगेच नाकारू नका. ओल्या फडक्यानं घासून रंग उतरतो का ते पाहा.

दुकानदार असून सांगतो, दिवे लागणारं स्वस्त खेळणं लहानग्याला घेऊ नका. त्यातली बटणासारखी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका जाळते. साडेतीन-चार वर्षांच्या मुलीला मी तीन गोष्टी देईन : बऱ्यापैकी मोठं भिंग, जाड प्लास्टिकची झारी, आणि लहान मुठीचं खरं खुरपं, बोथट टोकाचं. खेळण्यातलं खुरपं आपल्या मातीत पहिल्या दिवशी वाकतं. भिंग उन्हात विसरू नका, कागद पेटतो.


जळगाव, दोन लेकरांची आई

सगळ्यांचं वाचलं, सासूबाईंना मोठ्यानं वाचूनही दाखवलं. चंद्रज्योतीचं ऐकून त्या उठल्या आणि आम्ही दोघींनी मागचं कुंपण पायी फिरून बघितलं. कोपऱ्यात एरंडाची दोन झाडं निघाली, काल उपटली.

रविवारी शेजारच्या काकांकडून केळीचा दांडा आणला. माझे पहिले दोन तुटले, तिसरा वाजला. लेक दचकली, मग ‘आजून, आजून’ करत जेवणापर्यंत सोडला नाही. धाकट्यासाठी सुताराला सांगितलंय, वीट तयार आहे.

धुळ्याच्या काका, धांडा आम्हाला कधी मिळेल? इकडे आमच्या ओळखीत कोणी ज्वारी लावलेली नाही.


धुळे तालुका, शेतकरी

आमची दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, उभी आहे. फेब्रुवारीच्या शेवटी नाही तर मार्चात निघेल. धांडा चांगला वाळू द्यावा लागतो, ओल्याचं साल सुटत नाही. पोरीला घेऊन या, दोन पेंढ्या बाजूला काढून ठेवतो. ताटल्या आमच्याकडे आहेत.