लेकरानं गुन्हा केला तर आईबापानं पोलिसांत जावं का? अनुभव सांगा

आमच्या परभणीत, आमच्याच गल्लीतल्या एका बापानं पोराला दंडाला धरून ठाण्यात नेलं. मोंढ्यातल्या दुकानाचं शटर उचकटायला ते मित्रांसोबत होतं. तेव्हापासून गल्लीत दोन तट पडलेत, कोणी म्हणतं बाप असावा तर असा, कोणी म्हणतं पोटच्या पोरालाच बेड्या घातल्या. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनीच बोलावं असं मला वाटतं, म्हणून विचारतेय. नाव नका लिहू, जिल्हा लिहिला तरी पुरे.

जालना, वडील
पोरगा 20 चा. बटनच्या नादी लागला, म्हणजे त्या नशेच्या गोळ्या. आधी गल्ल्यातले पैसे, मग गॅसची टाकी, मग त्याच्या आईची बोरमाळ. ज्वारीच्या कोठीत खोल लपवलेली, तरी काढली, आणि ज्वारी वरून हातानं सारखी करून ठेवली होती, ते बघून मला जास्त लागलं. तक्रार द्यायला गेलो तर जमादार म्हणाले, काका घरातलं घरात मिटवा, गुन्हा दाखल झाला की उद्या चारित्र्य पडताळणीत येतं. परत पाठवलं, मी परत गेलो. कारण घरातलं संपलं की हा रस्त्यावर कुणाच्या तरी गळ्याला हात घालणार हे दिसत होतं मला. जामीन झाला, पण गोळ्या पुरवणारा सापडला आणि पोरगं व्यसनमुक्तीला जायला तयार झालं. आता आडतीवर हिशोबाचं काम करतंय. त्याची आई माझ्याशी कामापुरतंच बोलते.

बीड, वडील
माझं उलटं झालं. मोबाईल चोरला म्हणून 16 च्या पोराला मीच घेऊन गेलो, वाटलं साहेब दोन शब्द सांगतील, धाक बसंल. मोबाईल परत दिला होता, माफी मागितली होती, तरी रात्रभर बसवून ठेवलं, पट्ट्यानं मारलं. पोरगं आता मामाकडं ऱ्हातंय, माझा फोन उचलत नाही. नुसता धाक दाखवायला कुणी जाऊ नका, हात जोडून सांगतो.

लातूर, वकील
बीडच्या दादा, तुमच्या पोराला तसं ठेवायचा अधिकारच नव्हता त्यांना. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं 18 च्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, 24 तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, गेल्या गेल्या त्यालाच विचारायचं. साध्या चोरीत एकट्या अल्पवयीन मुलावर एफआयआर पण नसतो, डायरीत नोंद होते. 18 पूर्ण झाले की मात्र सगळं मोठ्यांसारखं. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलमातून नवरा-बायकोला सूट आहे, आईबापाला नाही. खून, दरोडा कळला तर तो कळवणं कायद्यानंच बंधनकारक आहे.

नांदेड, आई
आमचं 15 वर्षांचं लेकरू ह्यांची स्कूटी घेऊन गेलं आणि एका आजोबांना धडक देऊन पळून घरी आलं. थरथरत होतं. दीर म्हणाले गाडी शेतात नेऊन टाकू, कुणी बघितलं नाही. पुण्यात मे 2024 मध्ये अल्पवयीन पोरानं पोर्शे गाडीनं दोघांना उडवलं होतं, ते डोळ्यासमोर आलं, पोराच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपात आईबाप दोघंही अटक झाले होते. मी सरळ 112 ला फोन लावला. आजोबा वाचले, मांडीचं हाड मोडलं. गुन्हा ह्यांच्यावर पण लागला, अल्पवयीन पोरानं गाडी चालवली की पालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद आहे. होऊ द्या काय व्हायचं ते. शाळा सुटली की पोरगं आजोबांकडं डबा घेऊन जातंय, कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

धाराशिव
तुम्ही सगळे आईबापाच्या बाजूनं लिहायलात, मी दुसऱ्या बाजूची. मी नववीत होते, चुलत्याचा पोरगा. काकूला मी स्वतः सांगितलं. ती म्हणाली त्याचं लग्न ठरायलंय, आणि तुझंच नाव खराब होईल. पोक्सोच्या, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यातल्या गुन्ह्यात माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, नात्याची सूट नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. दिवाळीला तो समोर बसून चिवडा खातो. काकूला तिचं लेकरू वाचवायचं होतं, मी कुणाचंच नव्हते का?

धागाकर्ती
तायडे, तू लिहिलंस हे फार मोठं केलंस. माझं मत आता पक्कं झालंय, दुसऱ्याच्या लेकराला इजा झाली असेल तर ते घरात मिटवायचा हक्क आईबापाला नाही. घरातल्या चोरीचं ज्याचं त्यानं बघावं.

लातूर, वकील
धाराशिवच्या ताई, तक्रार आजही देता येईल. एकटी जाऊ नका, मी सोबत येते.

हिंगोली, आई
मुलगा 19 चा. मित्राची म्हणून मोटरसायकल आणून गोठ्यात कडब्याखाली ठेवलीय, नंबरप्लेट काढलेली. घरचे गप बस म्हणायलेत. काय करू?

लातूर, वकील
गाडी हलवू नका, विकू देऊ नका. चोरीची माहीत असून ठेवणं हा वेगळा गुन्हा होतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, बायकांना वकील फुकट मिळतो. मुलाला सोबत घेऊन जा, आणि आजच जा.