अनुभव धागा : क्विल्ट प्रदर्शनाला जाऊन काय मिळाले, काय खटकले?

गोधडीच्या ओढीने क्विल्टिंगचा, म्हणजे पाश्चात्त्य धर्तीच्या गोधड्या (क्विल्ट) शिवण्याचा, नाद लागलेल्या आपल्यापैकी अनेकजणी वर्षातून एकदा तरी मोठ्या प्रदर्शनाचा बेत आखतात. तिकीट, प्रवास, मुक्काम आणि दिवसभराची पायपीट एवढे सोसून हाती काय लागते, हे जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. निव्वळ कौतुक नको. जे खटकले तेही यावे.

ह्यूस्टनहून

येथील आंतरराष्ट्रीय क्विल्ट फेस्टिव्हल जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतो आणि घरापासून जवळ असल्याने मी तो सहा वेळा पाहिला आहे. माझ्या मते जाण्याचे खरे कारण एकच, ते म्हणजे क्विल्टची पाठ. छायाचित्रात नेहमी दर्शनी बाजूच दिसते. येथे मात्र पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका उभ्या असतात आणि आपण विनंती केली की कडेला धरून क्विल्ट अलगद उलटून दाखवतात. हाताने टाके घातलेल्या एका पांढऱ्याशुभ्र क्विल्टची पाठ मी अशीच पाहिली, तेव्हा तिच्यावर एकही गाठ सापडेना. दोऱ्याची गाठ हलका झटका देऊन वरच्या कापडातून आत ओढायची आणि मधल्या बॅटिंगमध्ये, म्हणजे दोन कापडांमधल्या भरावाच्या थरात, गडप करायची, हे मला त्या दिवशी कळले. तोवर माझ्या सगळ्या गाठी आजीच्या गोधडीसारख्या उघड्यावर बसलेल्या असत.

तोटा म्हणजे विक्रेत्यांच्या गल्ल्या. पहिल्या वर्षी मी आधी तिकडे वळले आणि क्विल्ट पाहायला जेमतेम दीड तास उरला. अर्धा वार कापड मधोमध कापून केलेल्या अठरा बाय बावीस इंचांच्या तुकड्याला ‘फॅट क्वार्टर’ म्हणतात. असे एकतीस तुकडे मी त्या दिवशी घेतले. त्यांतले बरेचसे अजून कपाटात आहेत, कारण इतक्या सुंदर कापडाला कात्री लावायचे धाडस होत नाही.

नॅशव्हिलहून

केंटकीतील पदुका हे ओहायो नदीकाठचे गाव साधारण सत्तावीस हजार वस्तीचे आहे आणि एप्रिलमधल्या क्विल्ट सप्ताहात ते सगळेच्या सगळे याच एका विषयात बुडालेले असते. प्रदर्शन १९८५ पासूनचे आहे. १९९१ मध्ये उघडलेले राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयही तेथेच आहे. गैरसोय मुक्कामाची. आम्हाला उशिरा जाग आली, तोवर गावातली हॉटेले भरली होती. शेवटी तासाभराच्या अंतरावर खोली घेऊन तीन दिवस ये-जा केली. तरीही मी पदुकालाच झुकते माप देईन, कारण गर्दीने जीव कावला की संग्रहालयात जाऊन एकाच क्विल्टसमोर शांतपणे उभे राहता येते.

न्यू जर्सीहून

मी पाहायलाही गेले आणि स्पर्धेलाही उतरले, म्हणून दुसऱ्या बाजूविषयी लिहिते. क्विल्ट टांगण्यासाठी पाठीमागे वरच्या कडेला चार इंच रुंदीची कापडी नळी शिवावी लागते आणि शिवणारीच्या नावाची चिठ्ठी झाकावी लागते, म्हणजे परीक्षकांना काम कोणाचे ते कळत नाही. मला बक्षीस मिळाले नाही. पण परत आलेल्या शेऱ्यांच्या कागदावर एक वाक्य होते की, कडेची पट्टी पोकळ आहे, बॅटिंग तिच्या टोकापर्यंत पोहोचलेले नाही. मी घरी येऊन कड चिमटीत धरून पाहिली, तर खरोखरच आत काही लागत नव्हते, नुसती कापडाची घडी. रंगसंगतीचे कौतुक करणाऱ्या मैत्रिणींकडून हे मला दहा वर्षांतही कळले नसते.

कटू अनुभवही त्याच प्रदर्शनातला आहे. क्विल्ट परत आला तेव्हा त्याच्यावर कॉफीचा फिकट, बोटाएवढा डाग होता. आयोजकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि विषय संपवला. स्पर्धेला पाठवण्याआधी विम्याची अट नीट वाचावी, एवढेच सांगते.

बर्मिंगहॅमहून

मी शिवत नाही. मी पिशव्या धरतो. येथील एनईसी या प्रदर्शन केंद्रात ऑगस्टच्या सुमारास चार दिवस भरणाऱ्या फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्सला सौभाग्यवतींबरोबर तीनदा गेलो आहे. भूमितीची आवड असल्यामुळे मला क्विल्ट पाहायला मनापासून आवडतात, पण लाँगआर्म या क्विल्टवर टाके घालणाऱ्या मोठ्या यंत्राच्या प्रात्यक्षिकापुढे ती पाऊण तास उभी राहिली तेव्हा माझे गुडघे बोलू लागले. बसायला जागा फार कमी. याला काही उपाय आहे का?

बेळगावहून

आमच्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. जुन्या कपड्यांचे तुकडे एका कोपऱ्यापासून लावायला घेतात आणि कडेकडेने फिरत, धावदोरा घालत, मध्यावर येऊन संपवतात. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुले बसवतात. अशा कवंदींचे प्रदर्शन पाहिले तेव्हा मला आनंदही झाला आणि थोडे अवघडल्यासारखेही वाटले. भिंतीवर टांगल्यामुळे टाक्यांची आत वळत जाणारी चौकट प्रथमच एका नजरेत आली, कारण जमिनीवर अंथरलेली गोधडी आपण कधी अशी उभी पाहतच नाही. पण ‘हात लावू नये’ ही पाटी पाहून मी थबकले. आईने चार नऊवारी लुगडी एकावर एक घालून शिवलेली चौघडी मी मऊपणावरूनच ओळखत असे. डोळ्यांनी ती फारशी पाहिल्याचे आठवत नाही.

दुसरे म्हणजे किमतीची घासाघीस. एका बाईने विक्रीच्या टेबलापाशी ‘जुन्या चिंध्यांचे एवढे पैसे?’ असे मोठ्याने विचारले. शिवणारी तेथेच बसलेली होती. तिने काही न बोलता कवंदीची घडी घातली आणि टेबलाखाली ठेवून दिली. ती मला घ्यायची होती. नंतर मागितली, तर ‘आज विकायची नाही’ म्हणाली.

पुन्हा ह्यूस्टनहून

बर्मिंगहॅमच्या गृहस्थांना : उपाहारगृहात दुपारी बाराच्या आधी जावे, तेव्हा खुर्च्या रिकाम्या मिळतात. शिवाय व्याख्यानांची तिकिटे काढावीत, विषय कोणताही असो, निदान तासभर बसता तरी येते. सौभाग्यवतींना मात्र तेवढा वेळ एकटीला विक्रेत्यांच्या गल्लीत सोडू नये.