प्रतिसाद: रोख की क्यूआर कोड?
‘चीनमध्ये रोख पैसे चालतच नाहीत’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. नोट नाकारणं तिथे बेकायदा आहे. अडतं ते सुट्ट्या पैशांवर. जियानबिंगच्या (चिनी धिरड्याच्या) गाडीवर शंभर युआनची मोड मिळेलच असं नाही, म्हणून पाच-दहाच्या नोटा ठेवाव्यात.

अलीपे या क्यूआर कोडने पैसे देण्याच्या चिनी अ‍ॅपवर पासपोर्टची पडताळणी आणि व्हिसा/मास्टरकार्डच्या बँक कार्डाची जोडणी भारतातूनच उरकावी. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करायचे राहिले की पेमेंट अडकतं. ओटीपी एसएमएसने येत असेल तर रोमिंगही हवं. अलीपेवर 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्याहून मोठ्या व्यवहाराला 3 टक्के. खरी गोची वेगळीच: गाडीवाल्याने दुकानाच्या कोडऐवजी स्वतःचा वैयक्तिक कोड चिकटवला असेल, तर परदेशी कार्डावरून पैसे सहसा जात नाहीत. तिथे पुन्हा त्या सुट्ट्या नोटाच.